चार गोळ्यांचा आहेर

दारव्ह्याला निघाले तेव्हा माझ्या सामानात तीन साड्या, दोन स्वेटर आणि एक पत्र्याचा डबा होता. डबा पूर्वी बिस्किटांचा होता. गेली वीस वर्षं त्यात औषधं असतात. घरात कोणाचा ना कोणाचा कोर्स अर्धवट राहतो आणि उरलेल्या गोळ्या माझ्याकडे जमा होतात. आमच्या ह्यांना तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की चौथ्या दिवशी गोळी कडू लागते, त्यामुळे डबा कधी रिकामा पडला नाही. मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात बत्तीस वर्षं नोकरी केली. कागद फेकायचा नाही, त्याला चिठ्ठी लावून ठेवायचा, ही सवय हाडात भिनलेली. तीच मी गोळ्यांना लावली. एका पाकिटावर ‘ताप’, एकावर ‘पोट’, एकावर ‘घसा’. आणि एका पाकिटावर नुसतं ‘सर्व’. ह्या प्रवासाचा खलनायक तेच पाकीट, म्हणजे मला धरलं नाही तर.

‘आई, माझ्या माहेरी दवाखाने आहेत हो,’ अश्विनी म्हणाली. अश्विनी माझी सून. तिचं माहेर दारव्हा. लग्न पुण्यात झालं, त्यामुळे तीन वर्षांत मी व्याह्यांचं घर पाहिलेलंच नव्हतं.

‘असतील,’ मी म्हटलं. ‘पण प्रवासात आपलं आपल्याजवळ असलेलं बरं.’

तिनं पुढं काही म्हटलं नाही. सासूपुढं गप्प बसणं हा त्या घराचा गुण आहे, आणि तो किती महागात पडू शकतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दारव्हा

गाडीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बडनेऱ्याला उतरले, व्याही घ्यायला आले होते. त्यांच्या मोटारीत बसल्या जागेवरून मी बाहेर बघत राहिले. आम्ही कोल्हापूरकडची माणसं. आमच्याकडे ऊस असा माजलेला असतो की रस्त्यावरून शेजारचं गाव दिसत नाही. इथे नजर पोचेल तिथपर्यंत मोकळं. सोयाबीन निघून गेलेलं, तूर पिवळ्या फुलावर आणि मधल्या पट्ट्यांत फुटलेला कापूस. कापसाकडे बोट करून व्याही म्हणाले, ‘ही आपली पऱ्हाटी.’ मी लगेच मान डोलावली, जणू जन्मभर पऱ्हाटीच पाहत आले.

दारात शोभाताई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. शोभाताई म्हणजे माझ्या विहीणबाई. इकडे विहिणीला ईनबाई म्हणतात. ‘ईनबाई, पाय पुढं करा.’ मी ‘अहो, कशाला, कशाला’ असं तीन वेळा म्हटलं आणि पाय पुढे केला. मुलाची आई म्हणून मिळणारा मान नको असतो असं म्हणणाऱ्या बायकांत मी मोडते. तो मिळेपर्यंतच मी त्यांच्यात असते.

जेवायला डाळकांदा, ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ‘तिखट जमते नं तुमाले?’ शोभाताईंनी विचारलं. कोल्हापूरच्या बाईला हा प्रश्न! मी बोटभर ठेचा भाकरीवर घेतला आणि पुढची दहा मिनिटं उचक्या देत काढली. व्याह्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहून माझी लाज राखली.

ह्या घरातली एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात राहिली. दुपारी शेजारची मुलगी भरीताची वाटी परत करायला आली, तर वाटीत चिमूटभर साखर. संध्याकाळी शोभाताईंनी कोणाचा तरी डबा परत पाठवला, तर त्यात चार शेंगा. ‘रिकामं भांडं कसं पाठवावं जी?’ त्या म्हणाल्या. आमच्याकडेही ही रीत होती. आता आम्ही डबा घासून परत केला तरी स्वतःला सुसंस्कृत समजतो.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार. आम्ही दोघी गेलो, अंबाडीची भाजी घेतली, गुपचूप खाल्लं. पाणीपुरीला इकडे गुपचूप म्हणतात. परत येताना शोभाताई दोनदा ओट्यावर टेकल्या.

‘बरं नाही का?’

‘काई नाई जी. तीन-चार दिवस झाले, आंग दुखून राह्यलं. संध्याकाळी ताप येते, सकाळी जाते. थंडी पडली नं.’

दुसरी एखादी बाई म्हणाली असती, डॉक्टरला दाखवा. माझे डोळे चमकले. घरी येऊन मी डबा उघडला, चष्मा लावला आणि ‘सर्व’ चिठ्ठीचं पाकीट काढलं. सिप्रोफ्लॉक्सासिन. ह्यांच्या कुठल्याशा आजारपणातल्या सहा गोळ्या उरल्या होत्या. सोबत तापाची साधी गोळी. ‘सकाळ-संध्याकाळ एकेक. दोन दिवसांत उड्या माराल.’

शोभाताईंनी गोळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘तुमी देल्लं म्हनल्यावर घेनंच आहे.’

दोन दिवसांत त्या चार गोळ्या संपल्या आणि तापही उतरल्यासारखा वाटला. तो तापाच्या साध्या गोळीनं तात्पुरता दबला होता, हे मला आता कळतं. तेव्हा मी अश्विनीला फोन करून सांगितलं, ‘तुझ्या आईला बरं केलं मी.’ उरलेल्या दोन गोळ्या परत डब्यात ठेवल्या. वाया कशाला घालवायच्या.

मुकुटबन

शोभाताईंचं माहेर मुकुटबनचं. ‘माहं गाव दाखवतो तुमाले,’ असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. शिवाय त्यांची धाकटी मुलगी वैशाली झरी जामणी तालुक्यातल्या एका जंगलातल्या गावी उपकेंद्रात नर्स आहे. मुकुटबनला राहायचं, तिथून एक दिवस तिच्याकडे जायचं असा बेत. यवतमाळ सोडल्यावर रस्त्याच्या कडेला सागाची झाडं दाटत गेली, त्यांची पानं करपलेल्या पापडासारखी. शोभाताई सारा रस्ता डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, माहेर जवळ आल्याचं सुख.

मुकुटबनला त्यांच्या भावाच्या घरी चहा झाला आणि दुसऱ्या सकाळी आम्ही वैशालीकडे गेलो. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, बाहेर चिंच, चिंचेखाली बाक. वैशाली सत्तावीस-अठ्ठावीसची, सडपातळ, आवाज मात्र वर्गशिक्षिकेचा. बाकावर एक म्हाताऱ्या कोलाम आदिवासी बाई बसल्या होत्या. वैशालीनं त्यांच्या तळहातावर गोळ्या ठेवल्या, पाण्याचा पेला दिला, बाईंनी त्या गिळल्या.

‘आ करा, आजी.’

आजींनी आ केला. वैशालीनं वाकून पाहिलं, वहीत खूण केली. ‘रोज येतात मावशी, दोन किलोमीटर चालत. क्षयाच्या गोळ्या आहेत. चार महिने झाले, एक दिवस चुकला नाई.’

मला आजींचं कौतुक वाटलं, आणि माझं कौतुक कधी साधं नसतं. आजी गुडघ्यावर हात ठेवून उठत होत्या. मी पर्समधून डबा काढला. ‘आजी, गुडघा दुखतो ना? ही घ्या. दिवसातून दोनदा.’

आजींनी गोळी उलटसुलट करून पाहिली. वैशालीशी कोलामीत काहीतरी बोलल्या. मग मला मराठीत विचारलं, ‘हे कोनाच्या नावानं देल्लं होतं?’

‘माझ्याच. डॉक्टरांनी मला दिली होती.’

‘मंग तुमीच खा नं, माय.’ गोळी त्यांनी माझ्या हातात परत ठेवली. ‘माह्या नावाची वैशालीबाई देते.’

वैशाली तोंड फिरवून वहीत काहीतरी लिहू लागली. तिचे खांदे हलत होते. मी डबा बंद केला आणि चिंचेचं झाड फार निरखून पाहिलं. परतीच्या वाटेवर मी शोभाताईंना म्हणाले, ‘बाई साधी आहे, पण जरा हेकट.’ शोभाताईंनी पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. त्यांना थंडी भरून आली होती. दात वाजत होते.

संध्याकाळी ताप एकशे तीनच्या पुढे. त्यांचे भाऊ आम्हाला गावातल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पोट दाबलं आणि विचारलं, ‘याच्याआधी काही गोळ्या घेतल्या काय?’

मी शोभाताईंच्या शेजारीच बसले होते. पर्स मांडीवर, पर्समध्ये डबा.

‘काईच नाई,’ शोभाताई म्हणाल्या.

मला वाटलं, तापात विसरल्या. मग वाटलं, सांगावं. मग वाटलं, चारच तर गोळ्या, त्यात काय सांगायचं. परीक्षा विभागात मी कॉपीची प्रकरणं हाताळत असे. ‘मला वाटलं त्यात काय’ हे वाक्य मी शेकडो मुलांच्या तोंडून ऐकलं होतं आणि एकालाही सोडलं नव्हतं.

डॉक्टरांनी ‘काही घेतलं नाही’ हे धरून ओफ्लॉक्सासिन लिहून दिलं. नंतर मला कळलं की ती माझ्या गोळीचीच सख्खी चुलत बहीण. एकीला जो जंतू भीत नाही तो सहसा दुसरीलाही भीत नाही. मी तोंड उघडलं असतं तर त्यांनी ती दिली नसती.

तीन दिवस गेले. ताप पायऱ्या चढल्यासारखा रोज थोडा वर. शोभाताईंनी जेवण सोडलं, पाणीही घोटभर. मी उशाशी बसून पट्ट्या ठेवत होते आणि मनात गुपचूपवाल्याला शिव्या देत होते. तो दोषी ठरला असता तर मला फार सोयीचं झालं असतं.

वैशाली लसीकरणाच्या कामात अडकली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी आली. आईच्या कपाळाला हात लावला, जीभ पाहिली आणि मामांना म्हणाली, ‘गाडी काढा. यवतमाळला नेतो हिले.’

यवतमाळ

मोठा दवाखाना. लांब व्हरांडा, कठड्यावर वाळत टाकलेले पंचे, जागोजागी चटया टाकून बसलेले नातेवाईक. आम्हाला एक डॉक्टरीणबाई भेटल्या, वैशालीच्या ओळखीच्या, चाळिशीच्या, डोळ्यांखाली झोप साठलेली. त्यांनी शोभाताईंच्या पोटावर हात ठेवला, त्या कळवळल्या.

‘किती दिवस ताप आहे?’

‘दहा-बारा दिवस,’ वैशाली म्हणाली.

‘टायफॉइडच वाटतो. आता रक्त घेते. त्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघू, कोणत्या औषधाला मरतो ते. पण चार दिवस लागतील, तोवर औषध मला अंदाजानं निवडावं लागेल. म्हणून नीट सांगा.’ त्यांनी मुकुटबनची चिठ्ठी वाचली. ‘ह्या गोळ्यांच्या आधी काय घेतलं?’

शोभाताईंचे ओठ सुकून फाटले होते. डोळे खोल गेलेले. त्या अवस्थेत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मुद्दाम पाहिलं नाही, आणि म्हणाल्या, ‘काई नाई घेतलं.’

तेव्हा मला कळलं. त्या विसरल्या नव्हत्या. एकशे चार तापात ती बाई माझी अब्रू झाकत होती. मुलाच्या आईनं दिलेल्या गोळीनं गुण आला नाही, हे परक्या माणसासमोर बोलायचं नाही, एवढं एक त्यांना शुद्धीत आठवत होतं.

डॉक्टरीणबाई आम्हा दोघींकडे पाहत म्हणाल्या, ‘बघा, दुसरा आठवडा चालू आहे. चुकीच्या औषधात अजून दिवस गेले तर आतड्याला भोक पडू शकतं. मग माझ्याही हातात राहणार नाही.’

मी घाबरले.  अश्विनीचा चेहरा डोळ्यासमोर आला. तिला मी फोनवर म्हटलं होतं, तुझ्या आईला बरं केलं मी.

‘मी दिल्या,’ मी म्हणाले.  ‘सिप्रो. चार गोळ्या. दारव्ह्याला.’

‘कोणत्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून?’

‘माझ्याच.’

‘तुम्ही डॉक्टर?’

‘परीक्षा विभाग,’ मी म्हटलं. घाबरल्यावर माणूस खरं उत्तर देतो, ते प्रश्नाला जुळो न जुळो.

मी डबा उघडून त्यांच्या टेबलावर उपडा केला. बत्तीस वर्षांच्या शिस्तीनं चिठ्ठ्या लावलेली पाकिटं सगळीकडे सांडली. डॉक्टरीणबाईंनी एकेक उचलून पाहिलं. अर्ध्याहून अधिक मुदत संपलेली. ‘सर्व’ चिठ्ठीचं पाकीट त्यांनी जरा जास्त वेळ हातात धरलं.

‘वैशाली,’ त्या म्हणाल्या, ‘हे सगळं आपल्याकडच्या औषधांच्या कचऱ्यात टाक. डबा धुऊन मावशींना परत दे.’ मग माझ्याकडे वळल्या. मी बोलणी खायला तयार होते. ‘सांगितलं ते बरं केलं. आता ह्या घराण्यातलं औषध मी देणार नाही. इंजेक्शन सुरू करते.’

रक्त घेतलं, इंजेक्शन सुरू झालं. वैशाली डबा धुऊन घेऊन आली तेव्हा मी तिच्याकडे बघू शकले नाही. ती शेजारी बसली. 

‘मावशी, राग आला मले,’ ती म्हणाली. ‘खोटं नाई बोलत.’

‘यायलाच पाहिजे.’

‘तुमच्यावर आला, आन् आईवर जास्त आला. रोज लोकायले सांगतो मी, काय घेतलं ते लपवू नका म्हनून. आन् माही आईच...’ तिनं डोळे पुसले. ‘चहा आणू काय तुमाले?’

तो चहा मी प्यायले. असा कडू चहा मी कधी प्यायले नाही, आणि साखर त्यात भरपूर होती.

चौथ्या दिवशी अहवाल आला. डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून कागद पुढे केला. ‘तुम्ही परीक्षा विभागातल्या ना? वाचा.’

खरंच निकालपत्रक होतं. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे निकाल. मी सवयीनं बोट ठेवून खाली खाली गेले. सिप्रोफ्लॉक्सासिन: नापास. ओफ्लॉक्सासिन: नापास. त्यांनी निवडलेलं इंजेक्शन: पास. गोळ्यांमधलं अझिथ्रोमायसिन: पास. आणि माझ्या लहानपणी आमच्या वडिलांना टायफॉइडमध्ये दिलेलं, आता कोणाच्या तोंडी नसलेलं क्लोरॅम्फेनिकॉल, तेही पास.

‘हे म्हातारं कसं पास झालं?’

‘मध्ये अनेक वर्षं त्याचा उपयोग होत नव्हता. जंतू त्याला पचवून बसला होता. मग लोकांनी ते वापरणं जवळजवळ सोडलं आणि सिप्रोच्या मागे लागले. सर्दीला सिप्रो, जुलाबाला सिप्रो, तीही दोन दिवस. आता जंतू सिप्रोत तयार झाला आणि जुनं विसरला.’

मी कागदाकडे बघत राहिले. आमच्या खात्यात सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे पेपर फुटणं. घरोघरी अर्धवट कोर्स करून आम्ही जंतूला पेपर आधीच दाखवत होतो, आणि त्या फुटलेल्या पेपरांचं कोठार माझ्याकडे पत्र्याच्या डब्यात होतं.

‘वैशाली म्हणत होती, माझ्या गोळ्यांमुळे जंतू कदाचित सापडणारच नाही,’ मी म्हणाले.

‘तसं होतं बरेचदा. अर्धवट औषधानं जंतू दबतो, मरत नाही, आणि तपासणीत मात्र दिसत नाही.’ त्या पहिल्यांदाच हसल्या. ‘पण इथे तुमच्या गोळीनं त्याचं काहीच वाकडं झालं नाही, म्हणून तो सापडला.’

इतका पूर्ण आणि लेखी अपमान माझा आजवर झालेला नाही. गुपचूपवालाही निर्दोष सुटला. जंतू त्याच्या आधीच कुठल्यातरी पाण्यातून शोभाताईंच्या पोटात गेला होता.

पाचव्या दिवशी ताप उतरू लागला. सातव्या दिवशी शोभाताईंनी भाताची पेज मागितली. पेज भरवताना मी विचारलं, ‘खोटं का बोललात हो?’

‘आता मुलाच्या मायचं नाव कसं सांगावं जी डॉक्टरले?’ त्या इतक्या सहज म्हणाल्या की जणू मीच वेड्यासारखं विचारलं. ‘उद्या माही पोरगी तुमच्या घरात राह्यते.’

म्हणजे त्यांना भीती होती. माझी. मी ज्या मानानं पाय पुढे केला होता त्या मानाच्या पोटात ही भीती होती, आणि मी तीन वर्षं तिला प्रेमळपणा समजत होते. मला रडू आलं. पेजेची वाटी हातात होती म्हणून नीट रडताही आलं नाही.

पुन्हा दारव्हा

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी अझिथ्रोमायसिनच्या सात गोळ्या दिल्या, मोठ्या पाकिटातून कात्रीनं कापून. रोज एक, बरं वाटलं तरी सातही. हे त्यांनी शोभाताईंकडे बघून एकदा आणि माझ्याकडे बघून दोनदा सांगितलं.

माझी गाडी चौथ्या दिवशी होती. त्या तीन दिवसांत शोभाताई उठून बसू लागल्या. व्याह्यांनी अंगणात खाट टाकली, शेजारणी येऊन गेल्या, प्रत्येकीच्या वाटीतून काही ना काही आलं आणि वाटीतून काही ना काही गेलं. ठेचा मी आता नखाएवढा घेत होते.

निघायच्या सकाळी ओटी भरली. खण, नारळ, घरची तुरीची डाळ, हातभर कापसाच्या वाती. मग शोभाताई आत गेल्या आणि माझा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. लख्ख घासलेला.

‘तुमचा डबा राह्यलाच होता. सारा रिकामा केला त्या डॉक्टरीनबाईनं. मले लय वाईट वाटलं.’ त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. ‘रिकामा कसा पाठवू?’

मी झाकण उघडलं. आत पाकिटाचा कापलेला तुकडा आणि त्यात चार गोळ्या.

‘शोभाताई, ह्या...’

‘माह्याच आहेत. तीन घेतल्या मी. आता ताप नाई, काई नाई, जेवनबी करून राह्यली. तुमाले उपयोगी पडतीन. चांगल्या आहेत जी, पास झालेल्या.’

ओसरीवर सगळे होते. व्याही गाडीची चावी घेऊन उभे. मी डब्याकडे बघत होते. तीन आठवड्यांपूर्वी हाच आहेर मी आनंदानं घेतला असता, त्याला चिठ्ठी लावली असती. ती बाई मरता मरता वाचली होती आणि आपल्या जिवातला अर्धा हिस्सा काढून मला वाटखर्च म्हणून देत होती, कारण रिकामं भांडं पाठवायचं नसतं. आणि रिकाम्या डब्याचं वाईट वाटावं इतकं त्या डब्याचं महत्त्व मीच तर वाढवून ठेवलं होतं.

मी पिशवी खाली ठेवली आणि चपला काढल्या.

‘गाडी चुकते नं ईनबाई,’ व्याही म्हणाले.

‘चुकू दे.’ मी स्वयंपाकघरात जाऊन पेलाभर पाणी आणलं. ‘शोभाताई, मुलाची आई सांगते ते ऐकता ना तुम्ही?’

‘म्हंजे काय जी, ऐकनंच आहे.’

‘मग ही आजची. घ्या.’

त्यांनी एकदा व्याह्यांकडे पाहिलं, एकदा डब्याकडे. गोळी घेतली, पाणी प्यायल्या.

‘आता आ करा.’

‘अवं माय!’ शोभाताई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पण मी वाकून उभीच होते, तेव्हा त्यांनी पदर काढला आणि आ केला.

मी चार दिवस राहिले. रोज सकाळी चहाच्या आधी एक गोळी, एक पेला पाणी आणि एक आ. त्या चार दिवसांत शोभाताईंनी मला दोनदा उलट उत्तर दिलं आणि एकदा माझ्या भाकरीला थेट नावं ठेवली. ‘ईनबाई, हे भाकर हाय का सुपारी फोडाची वस्तू?’ मला फार बरं वाटलं. चौथ्या सकाळी शेवटची गोळी गेल्यावर त्या म्हणाल्या, ‘आता डब्यात काय देऊ?’

‘ते पाकीट द्या.’

‘रिकामं?’

‘रिकामंच.’

घरी येऊन महिना झाला. डबा पूर्वीच्याच फळीवर आहे. परवा ह्यांचा घसा धरला, तेव्हा सवयीनं त्यांनी तो काढून उघडला. आत सात ठिकाणी फुटलेलं चांदीच्या कागदाचं पाकीट, बाकी काही नाही.

‘हे काय ठेवलंयस?’

‘माझ्या विहिणीचा आहेर,’ मी म्हटलं आणि डॉक्टरांकडे न्यायला त्यांच्या चपला पुढे केल्या.